काढ्याला कोणी औषध म्हणत नाही

२०२१च्या पोळ्याआधीची गोष्ट. अमळनेरच्या आमच्या लॅबमध्ये सेंट्रिफ्यूजमधून नळी बाहेर काढली आणि हात थांबला. सीरम, म्हणजे नळी गरगर फिरवल्यावर रक्तातून वेगळा होणारा वरचा द्रव, एरवी फिक्कट गवती रंगाचा असतो. हा घाण्याच्या तेलासारखा गर्द पिवळा होता. बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य, ९.८; एरवी एकच्या आसपास असतं. एसजीपीटी, यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, मशीनच्या मर्यादेबाहेर गेलं, म्हणून नमुना दहापट पातळ करून पुन्हा लावला. ११४०. साधारण चाळिशीच्या आत हवं ते! कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला नमुना, लावून पाहिला, मशीन ठीक होतं.

डॉक्टरांनी हिपॅटायटिसच्या सगळ्या तपासण्या सांगितल्या. रुग्ण एक मावशी. दारू नाही, औषध विचारलं तर थायरॉइडची जुनी गोळी तेवढी. मावशी पुन्हा रक्त द्यायला आल्या तेव्हा कापूस दाबताना मी विचारलं, "काढा-बिढा घेता का, मावशी?"

"ते त घेस ना भाऊ, गुळवेलना. कोरोनापासून रोज. झाडपालाच शे, तेनाघाई काय व्हई?"

'औषध चालू आहे का' असंच आम्ही दोघांनी विचारलं होतं. त्यांनी खरं तेच सांगितलं होतं. हे मला फार लागलं.

हिपॅटायटिसचे ए, बी, सी, ई विषाणू सगळे निगेटिव्ह आले. गुळवेलीनंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केली होती. प्रतिकारशक्ती चेतवायला जी वेल घ्यायची, तिनेच चेतवलेली प्रतिकारशक्ती यकृतावर उलटली असावी, असं आमच्या डॉक्टरांचं मत पडलं. प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटून होणारा आजार, थायरॉइडचा बऱ्याचदा असतो तसा, आधीच असला तर जास्तच जपावं, म्हणाले. आयुष मंत्रालयाचं म्हणणं वेगळं होतं: गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची गल्लत झाली असेल. तेही शक्य आहे. पण मावशींच्या घरी कोणती वेल होती हे कळणार कसं? उरलेल्या कांड्या सुनेने आदल्याच दिवशी उकिरड्यावर टाकल्या होत्या.

काढा बंद झाला, जळगावला यकृताच्या डॉक्टरांकडे उपचार झाले. तीन महिन्यांनी एसजीपीटी ४८ आलं, तेव्हा मावशींनी रिपोर्ट कपाळाला लावला.

आता सुई टोचण्याआधी मी काढा, चूर्ण, भस्म, रस, एकेकाचं नाव घेऊन विचारतो. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या नंबरवर रुग्णालाही करता येते. मावशींचा फॉर्म डॉक्टरांसोबत बसून मीच भरला. त्यात बॅच नंबरचा रकाना होता. वेल मावशींच्या अंगणातल्या निंबावरची. तो रकाना कोराच गेला.