गाडीचा मीटर एकदम गेला तर लगेच बॅटरी बदलू नका

सकाळी गाडी चालू होईना की आपल्याकडे पहिलं नाव बॅटरीचं निघतं. शेजारी असोत, दीर असोत, पेट्रोल पंपावरचा पोरगा असो, सगळ्यांचं निदान एकच. माझ्या गाडीलाही तेच ऐकावं लागलं. पावसाळा नुकताच लागला होता. किल्ली फिरवली की कधी सेल्फ लागायचा, कधी नुसती शांतता. परत फिरवली की गाडी गुमान चालू. बॅटरीला अजून वर्षही झालं नव्हतं आणि हेडलाइट लख्ख लागत होते, त्यामुळे मला काही ते पटत नव्हतं. शेवटी दोष निघाला तो किल्लीच्या मागच्या स्विचमध्ये.

मी चिपळूणला राहते, माहेर कराडचं, म्हणजे कुंभार्ली घाट कायमचाच. त्या घाटात उतारावर, तिसऱ्या गिअरमध्ये असताना, स्पीड आणि आरपीएमचे काटे एकाच वेळी धाडकन शून्यावर आले. एसीचा पंखा थांबला. वायपर काचेच्या मधोमध उभे राहिले. लगेच एक बारीक झटका बसला आणि सगळं परत आलं, वर एअरबॅगचा आणि एबीएसचा दिवाही लागला. किल्ली ऑन केल्यावर हे दिवे जसे काही सेकंद लागून विझतात, अगदी तसेच ते लागले आणि विझले.

गाडी गिअरमध्ये होती, म्हणून इंजिनचा करंट गेला तरी चाकांनी ते फिरतं ठेवलं होतं. करंट परत आल्यावर ते पुन्हा पेटलं, एवढाच तो झटका. सपाट रस्त्यावर सिग्नलला हेच झालं असतं तर गाडी जागीच बंद पडली असती.

घरी भाऊ म्हणाला, पेट्रोलमध्ये कचरा आला असेल. पण कचऱ्याने वायपर कसे थांबतील? पेट्रोल कमी पडलं तर इंजिन आचके देतं आणि आरपीएमचा काटा इंजिनाबरोबर खाली येतो. इथे इंजिन फिरत असताना काटा पडला होता. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

चिपळुणात गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे एक चाचा आहेत, त्यांच्याकडे गेले. मी काय काय बंद पडलं ते सांगायला लागले, तर म्हणाले, "ताई, ते नंतर. चालू काय राहिलं ते आधी सांगा." हेडलाइट चालू होते. त्यांनी लगेच स्टिअरिंगखालचं कव्हर खोलायला घेतलं.

बऱ्याच गाड्यांत हेडलाइट, हॉर्न, ब्रेकलाइट, हॅझर्ड यांना बॅटरीकडून वेगळा करंट मिळतो. मीटर, वायपर, पंखा, इंजिनचा कंट्रोल हे सगळं किल्लीच्या स्विचमधून जातं. पहिला गट शाबूत आणि दुसरा सगळाच्या सगळा एकदम गायब, असं झालं तर संशय आधी स्विचवर घ्यायचा. बॅटरी उतरली असेल तर सेल्फ मारताना दिवे मंदावतात आणि कटकट असा आवाज येतो. माझ्याकडे दिवेही मंदावत नव्हते आणि आवाजही नव्हता.

आपण ज्यात किल्ली घालतो ते नुसतं कुलूप. त्याच्या मागे प्लॅस्टिकच्या डबीत खरा स्विच असतो, त्यात तांब्याचे पॉइंट असतात. एसीसी (इंजिन बंद, रेडिओ वगैरे चालू), ऑन आणि स्टार्ट, प्रत्येकाला वेगळे पॉइंट जुळतात. म्हणूनच काही गाड्यांत असं होतं की किल्ली स्टार्टला धरून ठेवली तर इंजिन पेटतं आणि सोडून ऑनवर आली की मरतं. ऑनचा पॉइंट जळलेला असतो, दुसरं काही नाही. याउलट ऑनला सगळं ठीक पण सेल्फच लागत नाही, तेव्हा स्टार्टचा पॉइंट बघावा लागतो. मात्र सेल्फची रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच), इमोबिलायझर (किल्ली ओळखल्याशिवाय गाडी चालू न होऊ देणारी यंत्रणा) आणि क्लचखालचा स्विचही आधी तपासायला हवेत, कारण लक्षणं सारखीच दिसतात.

चाचांनी किल्ली ऑन ठेवून पंखा पूर्ण वेगात लावला आणि किल्ली हलकेच डावीउजवीकडे हलवली. पंखा अडखळला. मग व्होल्टमीटर लावून दाखवलं: बॅटरीवर साडेबारा व्होल्ट, स्विचमधून बाहेर मात्र अकराच्याही खाली. मधला निदान दीड व्होल्ट त्या काळ्या पडलेल्या पॉइंटमध्ये उष्णता होऊन जात होता. डबी हाताला कोमट लागत होती आणि कपलरचं, म्हणजे वायरी जोडायच्या सॉकेटचं, पांढरं प्लॅस्टिक एका पिनेभोवती तपकिरी झालं होतं. आधीच्या मालकाने फॉगलॅम्पचा करंट रिले न लावता थेट तिथूनच घेतला होता. असली जोडणी कृपा करून करू नका. रिले काही महाग नसते.

स्विच बिघडायचं दुसरं कारण किल्लीवर लटकवलेलं ओझं. घराच्या, कपाटाच्या, दुकानाच्या किल्ल्या आणि वर पितळी गणपती. २०१४ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने शेवरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन यांसारख्या जवळपास २६ लाख गाड्या परत बोलावल्या, त्या याच किल्लीच्या स्विचसाठी. किल्लीला जागेवर धरणारा स्प्रिंगचा खटका त्यात कमजोर होता. किल्लीच्या जुडग्याच्या वजनाने किंवा खड्ड्याच्या हादऱ्याने किल्ली ऑनवरून एसीसीवर घसरायची. मग इंजिन बंद, स्टिअरिंग जड आणि धडक झाली तर एअरबॅगही उघडत नसत. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यू या दोषामुळे झाल्याचं मान्य केलं. २००६ मध्ये स्विच सुधारला होता, पण पार्ट नंबर तोच ठेवला होता, त्यामुळे जुना कुठला आणि नवा कुठला हे तपास करणाऱ्यांनाही पुढे अनेक वर्षं कळलं नाही. हे वाचल्यापासून मला गाडीची किल्ली एकटीच ठेवायची सवय लागली आहे.

चालत्या गाडीत असं झालंच तर घाबरून किल्ली मागे फिरवू नका आणि काढू तर मुळीच नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. ब्रेकच्या बूस्टरमध्ये (ब्रेक हलका करणारा भाग) दोनतीन वेळा पुरेल एवढीच ताकद उरलेली असते, तेव्हा ब्रेक पंपासारखा मारत बसू नका. एकदाच घट्ट आणि एकसारखा दाबा. गिअर काढू नका, उतारावर इंजिनचाच ब्रेक लागतो. स्टिअरिंग फिरतं, फक्त जोर लावावा लागतो. हॅझर्ड लावा आणि डोंगराच्या बाजूला घ्या.

पुष्कळ गाड्यांत मागची डबी वेगळी मिळते, कुलूप आणि किल्ल्या त्याच राहतात. पूर्ण सेट बदलायला लागेल असं कुणी सांगितलं तर हे आधी विचारा. काम करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढायला लावा, एअरबॅगच्या वायरी तिथेच असतात. आणि कपलर तपकिरी झाला असेल तर तोही त्याच वेळी बदलून घ्या, नाहीतर त्याच ढिल्या पिनेवर नवा स्विचही जळतो.