सिगक्विटने दिलेले उत्तर
आज नागपूरच्या मिहानमधल्या कार्यालयात दुपारभर एका अडकलेल्या जावा प्रोग्रामपाशी बसून होतो. सहकारी लिनक्सचा ९ क्रमांकाचा सिग्नल (चालू प्रोग्रामला बाहेरून दिलेली सूचना) पाठवून तो बंद करणार होता. मी त्याला थांबवले, कारण तो सिग्नल कोणत्याही प्रोग्रामला अडवता येत नाही आणि अडकण्याच्या कारणाचा मागही प्रोग्रामबरोबरच नाहीसा होतो. त्याऐवजी आम्ही ३ क्रमांकाचा सिगक्विट पाठवला. नावात ‘क्विट’ असले, तरी जावाचे व्हर्च्युअल मशीन, म्हणजे जावा प्रोग्राम चालवणारी यंत्रणा, त्याने बंद पडत नाही, तर प्रत्येक थ्रेड (प्रोग्राममध्ये समांतर चालणारे एक काम) कोठे उभा आहे आणि कोणत्या लॉकसाठी (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणाऱ्या कुलपासाठी) खोळंबला आहे, हे सविस्तर छापून पुढे चालू राहते. दोन थ्रेड परस्परांच्या लॉकची वाट पाहत असल्याचे त्यात स्वच्छ दिसले.

पायथन या भाषेची सिग्नल हाताळण्याची रीत मला तितकीच आवडते. कंट्रोल-सी दाबल्यावर सिगइंट हा थांबण्याचा सिग्नल येतो, तेव्हा आतला हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारा कोड) केवळ खूण करून ठेवतो आणि मुख्य थ्रेड बाइटकोडमधल्या, म्हणजे पायथन आतून चालवतो त्या सूचनांमधल्या, सुरक्षित जागी पोहोचल्यावरच कीबोर्डइंटरप्ट ही काम थांबवणारी त्रुटी उठते. मेमरी वाटप अर्धवट असतानाही सिग्नल येऊ शकतो आणि तेव्हाच काम तोडणे धोक्याचे असते. म्हणून हा क्षणभराचा उशीर अत्यंत विचारपूर्वक ठेवलेला आहे.

लॉक घेण्याचा क्रम बदलून संध्याकाळी प्रोग्राम पुन्हा सुरू केला.