तुम्ही विचारलंत म्हणून : एजंटाला पैसे भरू का?

सोलापुरातल्या लिहित्या माणसांकडून हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "लिटररी एजंट आहे म्हणून एकांचा फोन आला होता. कादंबरी मोठ्या प्रकाशकाकडे लावून देतो म्हणतात. नोंदणीचे पंधरा हजार मागतायत. भरू का?" विचारणारे कधी नुकतेच निवृत्त झालेले गुरुजी असतात, कधी दिवसभर नोकरी करून रात्री लिहीत बसणारा विडी घरकुलातला एखादा तरुण. पंधरा हजार दोघांनाही जड असतात. शिवाय त्या फोनवर कुणीतरी पहिल्यांदाच त्यांना 'लेखक' म्हटलेलं असतं, आणि त्याची किंमत आपण बाहेरून ठरवू शकत नाही. म्हणून नुसतं "नको" न म्हणता कारणं सांगतो.

भरू नका. एजंट म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी व्यवहार करणारा माणूस. तो व्यवहार झाला आणि लेखकाला पैसे मिळाले, की त्यातला ठरलेला वाटा एजंट घेतो. इंग्रजी पुस्तकांच्या जगात हा वाटा साधारण १५ टक्के असतो, परदेशी किंवा अनुवादाच्या हक्कांवर बहुधा २० टक्के. लेखकाला लाख रुपये मिळाले तर एजंटाला १५ हजार, आणि लेखकाला काही मिळालं नाही तर एजंटालाही काही नाही. अमेरिकेतल्या एजंटांच्या संघटनेच्या आचारसंहितेत हस्तलिखित वाचण्यासाठी लेखकाकडून फी घ्यायला मनाई आहे. त्याचं कारण सरळ आहे. ज्याला वाचायचेच पैसे मिळतात, त्याला पुस्तक विकायची गरज उरत नाही.

आता हाच हिशेब मराठी पुस्तकाला लावून बघा. समजा पुस्तकाची किंमत ३०० रुपये आहे, मानधन १० टक्के ठरलंय आणि ५०० प्रतींची आवृत्ती पूर्ण खपली. लेखकाचे झाले १५ हजार. त्यावर १५ टक्क्यांनी एजंटाचे २,२५० रुपये, तेही आवृत्ती संपायला लागेल तेवढ्या काळात. एवढ्यावर कुणाचंही ऑफिस चालत नाही. मराठीत एजंटाचा धंदा रुजला नाही तो यामुळेच. मराठी प्रकाशक लेखकाकडून थेट हस्तलिखित घेतात आणि पहिलं पुस्तक असलं तरी टपालाने किंवा ईमेलने आलेलं वाचतात. म्हणून कुणी मराठी कादंबरीसाठी एजंट म्हणून उभा राहिला, तर त्याचं घर कशावर चालतं हा पहिला प्रश्न विचारा. बहुतेक वेळा ते तुम्ही भरणार असलेल्या पंधरा हजारांवर चालत असतं.

खरा एजंट लागतो तो इंग्रजीत लिहिणाऱ्याला, मराठी पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद मोठ्या प्रकाशकाकडे न्यायचा असेल तेव्हा, किंवा चित्रपट-मालिकांच्या हक्कांची बोलणी सुरू झाली तर. त्यातही भारतातले बरेच इंग्रजी प्रकाशक थेट पाठवलेलं हस्तलिखित बघतात. कुठला प्रकाशक हस्तलिखितं कधी घेतो ते त्याच्या संकेतस्थळावर लिहिलेलं असतं. चित्रपटाचं बोलणं निघालं तर मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं, म्हणजे पटकथालेखकांच्या संघटनेचं, सभासदत्व घेऊन कथेची नोंदणी आधी करून ठेवावी, मग ती कुणालाही वाचायला द्यावी.

पैसे मागताना 'फी' हा शब्द फारसा वापरला जात नाही. नोंदणी शुल्क, मूल्यमापन खर्च, परत मिळणारी अनामत, प्रसिद्धीचा हिस्सा, परदेशी पुस्तक मेळाव्यातली जागा अशी नावं असतात. सगळ्यात फसवं रूप संपादनाचं. एजंट म्हणतो, "मी एक पैसा घेत नाही, पण भाषा जरा कच्ची आहे. अमक्या संपादकाकडून करून घ्या, मग प्रकाशक नक्की घेईल." त्या संपादकाच्या बिलातला वाटा एजंटाला पोचतो. अमेरिकेत १९९० च्या दशकात 'एडिट इंक' नावाच्या संस्थेचं प्रकरण नेमकं याच कारणाने गाजलं. एजंट लेखकांना तिच्याकडे पाठवायचे आणि कमिशन घ्यायचे. शेवटी प्रकरण न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांपर्यंत गेलं. संपादन करून घेणं वाईट नाही, उलट पुष्कळ हस्तलिखितांना त्याची गरज असते. पण संपादक आपण शोधायचा आणि एजंटाने दिलेल्या एकाच नावावर अडून बसायचं नाही.

हे मेसेज साधारण कसे असतात ते बघू. "नमस्कार सर, आपली साहित्यकृती आमच्या निवड समितीने शेकडो हस्तलिखितांमधून निवडली आहे. वेबसिरीजसाठीही तिचा विचार सुरू आहे. अंतिम यादीत मोजक्याच जागा शिल्लक असून आज सायंकाळी सहापर्यंत शुल्क भरून आपले स्थान निश्चित करावे." यात पुस्तकाचं नाव नाही, एकाही पात्राचा उल्लेख नाही, समितीत कोण आहे ते नाही, कुठल्या प्रकाशकाशी बोलणं झालं तेही नाही. फक्त वेळ आणि पैसे तेवढे नेमके आहेत. पुस्तकाच्या व्यवहारात सायंकाळी सहाची मुदत कधीच नसते. प्रकाशकाचा होकार-नकार यायला महिने जातात. खऱ्या वाचकाचं पत्र निराळं असतं. त्यात "तिसऱ्या प्रकरणात माग बंद पडतात तिथपर्यंत वाचत राहिलो, पुढे बहिणीची गोष्ट सुटून जाते" असं काहीतरी असतं. म्हणून फोनवर शांतपणे विचारा, "तुम्हाला कुठलं प्रकरण कच्चं वाटलं?" न वाचलेल्या माणसाकडे याचं उत्तर नसतं. पुस्तक छापून आलेलं असेल तर मात्र एवढ्यावर विसंबू नका. हल्ली एआयकडून सारांश काढून घेऊन अगदी नेमकं वाटणारं कौतुक लिहिता येतं. हस्तलिखित तुम्ही कुणाला पाठवलेलंच नसताना त्याचं कौतुक आलं, तर पुढे वाचायचीही गरज नाही.

दुसरा प्रकार खऱ्या नावामागे लपायचा. पत्र एखाद्या नामांकित प्रकाशनसंस्थेच्या संपादकाच्या नावाने येतं. बोधचिन्ह बरोबर, सहीसुद्धा बरोबर, फक्त ईमेलच्या पत्त्यात एका अक्षराची फेरफार. इंग्रजी लिपीत 'आर' आणि 'एन' ही लहान अक्षरं चिकटून लिहिली, की 'एम'सारखी दिसतात. याच युक्तीने एका तरुणाने वर्षानुवर्षं जगभरच्या लेखकांकडून आणि प्रकाशकांकडून हजाराहून अधिक अप्रकाशित हस्तलिखितं मिळवली. जानेवारी २०२२ मध्ये त्याला न्यूयॉर्कमध्ये अटक झाली आणि पुढच्या वर्षी त्याने गुन्हा कबूल केला. या धंद्यात मुरलेली माणसं जिथे फसली, तिथे आपण पत्ता मोठा करून, एकेक अक्षर बोट ठेवून वाचायला लाजायचं कारण नाही. मोबाइलवर नुसतं नाव दिसतं, त्यावर दाबलं की पूर्ण पत्ता दिसतो. खात्री करायची तर आलेल्या ईमेलला उत्तर देऊ नका. त्या प्रकाशकाच्या कुठल्याही छापील पुस्तकाच्या पहिल्या काही पानांत त्याचा पत्ता आणि फोन असतो, तिथे विचारा.

एजंटाची चौकशी एका दुपारीत होते. "तुम्ही आजवर विकलेली चार-पाच पुस्तकं आणि त्यांचे प्रकाशक सांगा" एवढं विचारायचं. "ती माहिती गोपनीय असते" हे उत्तर आलं तर विषय संपला, कारण विकलेलं पुस्तक दुकानात असतं, त्यात गोपनीय काही उरत नाही. नावं मिळाली तर नवी पेठेतल्या पुस्तकाच्या दुकानात किंवा वाचनालयात ती पुस्तकं काढून बघा. ऋणनिर्देशात लेखक बहुधा एजंटाचे आभार मानतो. प्रकाशकाच्या जागी त्याच एजंटाच्या भावकीतली संस्था निघाली, तर ती विक्री नव्हे. जीएसटी क्रमांक दिला असेल तर जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून नाव जुळवा. तो १५ अक्षर-अंकांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, दिल्लीचे ०७. पुण्यात ऑफिस आहे म्हणणाऱ्याचा क्रमांक दुसऱ्याच राज्याचा आणि दुसऱ्याच धंद्याचा निघाला तर विचारायला हवं. क्रमांक खरा निघाला म्हणून माणूस प्रामाणिक ठरत नाही, एवढंच की तक्रार कुणावर करायची ते कळतं. परदेशी एजंट असेल तर त्याचं नाव 'रायटर बिवेअर' या नावासोबत शोधा. अमेरिकेतल्या विज्ञानकथा-अद्भुतकथा लेखकांच्या संघटनेच्या आश्रयाने १९९८ पासून ही मंडळी लेखकांच्या फसवणुकीवर नजर ठेवून आहेत.

कागदावर सही करण्याची वेळ आली, की मात्र घाई पूर्ण थांबवा. नेहमी आढळणारं एक कलम असं असतं: "लेखक सदर साहित्यकृतीचे सर्व हक्क, सर्व भाषांत, सर्व माध्यमांत, जगभर व कायमस्वरूपी एजन्सीस देत आहे." एजंटाला हक्क द्यायचेच नसतात. त्याला फक्त तुमच्या वतीने बोलणी करायची मुभा द्यायची, तीही एका पुस्तकापुरती आणि ठरावीक मुदतीपुरती. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा इथे लेखकाच्या बाजूने आहे. हक्कांचं हस्तांतर लेखी आणि लेखकाच्या सहीचं असावं लागतं, म्हणजे फोनवर "हो" म्हटल्याने हक्क जात नाहीत. करारात मुदत लिहिली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे त्या जागा कोऱ्या राहिल्या तरी कायदा तुम्हाला सांभाळतो. 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' लिहून सही केलीत, की ते संरक्षण तुम्हीच सोडलंत. सोलापुरात तर सर्व भाषांचा मुद्दा हलका नाही. इथली गोष्ट उद्या तेलुगू किंवा कन्नडमध्ये जाऊ शकते, आणि तो अनुवादाचा हक्क आज एका ओळीत देऊन टाकला तर परत मिळवणं कठीण होतं.

करारात ३० किंवा ६० दिवसांच्या लेखी सूचनेने बाहेर पडायची वाट असावी. बाहेर पडल्यावर एजंटाने आधीच केलेल्या व्यवहारांवरच कमिशन, पुढच्या पुस्तकांवर नाही. झेरॉक्स-कुरियरचा खर्च घ्यायचा असेल तर आधी विचारून आणि आलेल्या मानधनातून वळता करून. मुखत्यारपत्र कुठल्याही परिस्थितीत देऊ नये. आणि हस्तलिखित कुणाकडे, कुठल्या तारखेला पाठवलं, काय उत्तर आलं याची यादी मागायचा हक्क तुम्हाला हवा. हे शेवटचं फार महत्त्वाचं. वाईट एजंट एकाच ईमेलवर वीस प्रकाशकांना कच्चं हस्तलिखित टाकून मोकळा होतो, सगळीकडून नकार येतो, आणि पुढे चांगला माणूस भेटला तरी ते पुस्तक त्याच दारांवर पुन्हा नेणं कठीण होऊन बसतं. त्या पंधरा हजारांपेक्षा हे नुकसान मला मोठं वाटतं.

एजंट म्हणून आलेला पुष्कळदा शेवटी छपाईचं पॅकेज विकतो. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा काहीच नाही, पण मग ते छपाईचं काम म्हणून बघा. डेमी आकारात १६० पानं म्हणजे सोळा पानांचे दहा फर्मे. कागद किती जीएसएम (म्हणजे किती वजनाचा), मुखपृष्ठ, लॅमिनेशन, बांधणी आणि प्रती किती, हे लिहून शहरातल्या दोन छापखान्यांतून दरपत्रक घ्या आणि पॅकेजच्या शेजारी ठेवा. मधला फरक कशाचा ते त्याला विचारा. उत्तरात आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) आणि कॉपीराइट आले, तर हे माहीत असू द्या: आयएसबीएन भारतात मोफत मिळतो, शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडे लेखक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. कॉपीराइट लिहिल्या क्षणी तुमचाच असतो. नोंदणी ऐच्छिक आहे आणि साहित्यकृतीसाठी तिचं सरकारी शुल्क ५०० रुपये आहे. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही आहे, तिची जाहिरात निघाली की अर्ज करावा. पानाला हजार रुपये घेऊन काढलेले 'प्रातिनिधिक' संग्रह आणि प्रवेशशुल्क भरून मिळणारे 'साहित्यरत्न' पुरस्कार यांनाही पैसे मागणाऱ्या एजंटापेक्षा वेगळं समजू नका.

पैसे भरून झाले असतील, तरी गप्प बसू नका. नुकतेच गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते आणि रोखता येत नाही. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, मेसेजचे स्क्रीनशॉट, ईमेल, करार सगळं एका ठिकाणी जमवा, चॅट पुसू नका. मग "दिलेली मुभा आजपासून काढून घेत आहे, हस्तलिखित कुणालाही दाखवू नये" असं ईमेलने आणि स्पीड पोस्टाने कळवा आणि पोच जपून ठेवा. पैसे देऊन घेतलेल्या सेवेची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथेही ती दाखल करता येते, म्हणजे कंपनी दिल्लीची असली तरी तुम्ही सोलापुरातच अर्ज द्यायचा. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.