बंधित साठ, अबंधित चाळीस: गावाच्या हातात नेमकं काय येतं

७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली आणि अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आले. शेती, रस्ते, शाळा, पिण्याचं पाणी, वीज, सगळं त्यात आहे. पण कलम २४३-जी सावकाश वाचलं तर राज्याचं विधिमंडळ पंचायतींना हे अधिकार ‘देऊ शकेल’ असं तिथे लिहिलंय, ‘देईल’ असं नाही. शिक्षक आणि आरोग्यसेविका गावात काम करतात, पण त्यांची नेमणूक, बदली, पगार यांत ग्रामपंचायतीला विचारत नाहीत. विषय खाली आले, माणसं वरच राहिली. त्यामुळे आज गावाच्या वाट्याला जी सत्ता येते ती मुख्यतः केंद्राच्या वित्त आयोगाच्या निधीतून आणि स्वतःच्या करातून. हे दोन खिसे ज्यांना कळले, त्यांनाच ग्रामपंचायत चालवता येते.

चौदाव्या वित्त आयोगाने ग्रामीण भागाचा पैसा फक्त ग्रामपंचायतींना दिला होता. पंधराव्याने, म्हणजे २०२१ ते २०२६ साठी, तिन्ही स्तरांना वाटा दिला. महाराष्ट्रात तो ग्रामपंचायतीला ८०, पंचायत समितीला १० आणि जिल्हा परिषदेला १० टक्के असा ठरला. निधी मिळायचा तर मंडळ निवडून आलेलं हवं आणि हिशेब ऑनलाइन हवेत. मार्च २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक आले, तेव्हा वरच्या दोन स्तरांचं नुकसान झालं ते या पहिल्या अटीमुळे.

आता पंधराव्या आयोगाच्या सूत्राने गावाचा हिशेब. समजा वर्षाला १० लाख येणार आहेत. त्यातले ६ लाख बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या बाबींवरच खर्चायचे. ३ लाख पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. उरलेले ३ लाख स्वच्छता आणि हागणदारीमुक्ती टिकवण्यासाठी. बाकी ४ लाख अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे. पण त्यातूनही पगार आणि आस्थापना खर्च चालत नाही. शिपाई आणि नळाचं पाणी सोडणारा यांचा पगार वित्त आयोगातून दाखवला की लेखापरीक्षणात आक्षेप आलाच म्हणून समजा. शिवाय २०२१ मध्ये शासनाने पथदिव्यांची आणि पाणीयोजनेची वीजबिलं याच निधीतून भरायला सांगितलं. थकबाकी मोठी असलेल्या गावात निवडीला फार थोडं उरलं. पैसा गावाच्या नावावर आणि निर्णय मंत्रालयात, याला विकेंद्रीकरण म्हणणं मला पटत नाही.

बंधित निधी मात्र वाटतो तितका आवळलेला नसतो. सिमेंट रस्ता त्यात बसत नाही. पण त्याच रस्त्याकडेची बंदिस्त गटार, तिच्या शेवटचा, सांडपाणी जमिनीत जिरवणारा शोषखड्डा, घनकचरा शेड, कंपोस्ट खड्डे हे सगळं स्वच्छतेत बसतं. शिवाय एका बाबीतली गरज पूर्ण भागली असेल तर तो पैसा दुसऱ्या बंधित बाबीकडे वळवता येतो. त्यासाठी ग्रामसभेने तसं प्रमाणित करावं लागतं आणि वरच्या यंत्रणेची पुष्टी लागते. हा नियम फार थोड्या गावांत वापरला जातो, कारण तसा ठराव घ्यायचं कोणाच्या लक्षातच येत नाही.

शोषखड्ड्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. खड्ड्यात तळाला मोठे दगड, वर लहान होत जाणारे थर आणि तोंडाशी गाळ बसायला छोटी टाकी, एवढं असलं की तो वर्षानुवर्षं चालतो. पैसे वाचवायला ती टाकीच गाळतात. मग मोरीतली राख, साबण आणि खरकटं थेट दगडांत उतरतं, पोकळ्या बुजतात आणि पावसाळ्यात पाणी पुन्हा रस्त्यावर येतं. एस्टिमेटमध्ये टाकी वेगळी ओळ म्हणून लिहिलेली आहे का, ते मंजुरीआधी पाहा.

निधी परत जातो किंवा पडून राहतो, त्याचं मूळ बहुतेक वेळा गावाच्या वार्षिक विकास आराखड्यात असतं. आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून जानेवारीअखेरपर्यंत चालते, पण अनेक ठिकाणी एका दुपारी संगणकावर मागच्याच वर्षाची नावं पुन्हा चढवली जातात. ‘गावात गटार बांधणे’ असा ठराव काही कामाचा नाही. ठरावात वॉर्ड क्रमांक, कुठून कुठपर्यंत, लांबी, पाइपचा व्यास, अंदाजे रक्कम, निधी बंधित की अबंधित आणि कोणत्या बाबीतला, सूचक आणि अनुमोदक, सगळं हवं. तीच रक्कम आणि तेच नाव आराखड्यात, एस्टिमेटवर आणि पंचायतींचे आराखडे व हिशेब ठेवणाऱ्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर यायला हवं. पोर्टलवर मंजूर आराखड्यात नसलेल्या कामाचं बिल निघत नाही. मग पुरवणी आराखडा, पुन्हा ग्रामसभा आणि दोन-तीन महिने वाया.

ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल ती. ती झाली नाही तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण नवा विषय घेता येत नाही. म्हणजे विषयपत्रिकेत जे आधी लिहिलं नाही, ते त्या दिवशी कितीही तळमळीने मांडलं तरी ठरावात येणार नाही. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. तिचे ठराव इतिवृत्तात वेगळे उतरले आहेत का, हे वाचून पाहिलंच पाहिजे, कारण पाण्याच्या वेळा आणि हातपंपांची दुरुस्ती हे विषय तिथेच सगळ्यात नेमके येतात.

पैसे देताना सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) या दोघांची डिजिटल सही लागते. सरपंच बदलला, अविश्वास ठराव झाला किंवा सहीची मुदत संपली की व्यवहार थांबतो. मुदत संपायच्या महिनाभर आधी नूतनीकरणाला द्या. दुसरं अडकणं ठेकेदाराच्या बँक खात्याचं. पोर्टलवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव जुळलं नाही की पैसे परत येतात. तिसरं म्हणजे महिन्याचे हिशेब बंद न करणं. मागचा महिना उघडा राहिला की पुढची व्हाउचरं अडतात.

अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल क्षेत्रात चित्र थोडं वेगळं आहे. तिथे आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) लागू असलेल्या गावांना मिळतो आणि तो कशावर खर्चायचा हे गावची ग्रामसभा ठरवते. बाकी महाराष्ट्राने हे बारकाईने पाहावं असं मला फार वाटतं.

सगळ्यात मोकळा पैसा मात्र गावाचा स्वतःचा. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर. यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून उरलेला पैसा कशावर खर्चायचा हे वरून कोणी ठरवलेलं नसतं. २०१५ च्या अखेरीपासून घरपट्टी भांडवली मूल्यावर आहे आणि आकारणीची फेरतपासणी दर चार वर्षांनी व्हायची असते. गळती होते ती नमुना ८ मध्ये, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीत. मातीचं घर पाडून स्लॅबचं झालं, वर मजला चढला, रस्त्याकडेला दोन गाळे निघाले, तरी नोंद जुन्या कौलारू घराचीच राहते. मग नमुना ९ मधली, म्हणजे कर मागणीच्या नोंदवहीतली, मागणीच कमी निघते आणि शंभर टक्के वसुली झाली तरी हाती येतं ते अपुरंच. थकबाकीदाराला महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२९ खाली मागणीची नोटीस देता येते, पुढे जप्तीचं अधिपत्रही काढता येतं. पण ज्याच्याकडे मतं मागायची त्यालाच नोटीस द्यायला कोणी धजत नाही. यादी ग्रामसभेत वाचली तर निदान ते ओझं एकट्या सरपंचावर राहत नाही. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय सात दिवस आधी घालायला लावा, आणि सभेत नमुना ८ चं रजिस्टर टेबलावर उघडं ठेवायला सांगा.