छपरावरचं वाळवण

अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉनला 'एल चारो' या मेक्सिकन हॉटेलात गेलात तर मेनू हातात घ्यायच्या आधी मान वर करून छपराकडे बघा. वर एक जाळीचा पिंजरा दिसेल, त्यात लिंबू-लसूण लावलेल्या बीफच्या पट्ट्या भर उन्हात टांगलेल्या. आपल्याकडे गच्चीवरच्या कुरडया राखायला एखादं पोर बसवतात, इथे ते काम जाळी करते. ॲरिझोनाचं कोरडं ऊन नाहीतरी फुकट जातं, त्याचा एवढा चांगला उपयोग दुसरा नसेल. वाळलं की मांस पिंजून हिरवी मिरची, टोमॅटो, कांद्यावर परततात, ही कार्ने सेका. पहिला घास जरा चिवट लागतो, मग चावत राहिलं की आंबट-खारट चव अशी सुटत जाते की बोलणं बंदच.

हॉटेल 1922 चं, मोनिका फ्लिन या बाईंनी काढलेलं. खिशात भांडवल नाही, मग गिऱ्हाईक आलं की ऑर्डर घ्यायची, मागच्या दाराने चिनी वाण्याकडे पळायचं, सामान उधार आणायचं, रांधून वाढायचं आणि पैसे हातात पडले की परत पळत जाऊन उधारी चुकती करायची. म्हणजे गिऱ्हाईक टेबलावर वाट बघतंय आणि त्याचं जेवण अजून वाण्याच्या फळीवर! हा किस्सा मला शंभर टक्के पटतो.

चिमिचांगाचा, म्हणजे तळलेल्या बुरिटोचा, तेवढा नाही. बाईंच्या हातून बुरिटो, म्हणजे टॉर्टिया या मेक्सिकन पोळीत गुंडाळलेलं सारण, तेलात पडला आणि पदार्थ जन्माला आला म्हणे. फिनिक्स शहरातलं मकायोज हॉटेल म्हणतं, आम्हीच पहिले. अहो, तळण्याची कढई आणि बुरिटो एकाच स्वयंपाकघरात असल्यावर हे कधी ना कधी कुणीतरी करणारच होतं की.

1968 मध्ये शहराच्या पुनर्विकासात जागा गेली तेव्हा मोनिकाबाई हॉटेल घेऊन कोर्ट ॲव्हेन्यूवर आपल्या वडिलांनी बांधलेल्या घरात आल्या, वडील फ्रान्सहून आलेले गवंडी. पुढे नात्यातल्याच कार्लोटा फ्लोरेस यांनी कारभार हाती घेतला. एवढी वर्षं टिकण्याचं श्रेय लोक रेसिपीला देतात, मी निम्मं तरी त्या घराला देईन.

बीफ न खाणारं कुणी बरोबर असेल तर चीज क्रिस्प मागवा, मेक्सिकोतल्या सोनोराकडची गव्हाची मोठ्ठी पातळ टॉर्टिया, वर चीज घालून कुरकुरीत भाजलेली. टेबलाच्या मधोमध ठेवतात आणि बीफवालेच आधी हात मारतात, तेव्हा दोन सांगा.