आमची वाटचाल: चाक बसतं, हॉर्न वाजत नाही

बेळगावच्या उद्यमबागेत लेथ आणि फाउंड्रीची कमतरता नाही, म्हणून आमचं वर्कशॉपही तिथंच. सुरुवातीला काम एकच होतं: जुन्या फियाट, ॲम्बेसेडर आणि जीपना लाकडी रिमचं, तीन आऱ्यांचं, जुन्या धाटणीचं स्टिअरिंग बसवून देणं. खानापूर, निपाणी, चिकोडी, शिवाय पलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजहून गिऱ्हाईक येई ते चाकासाठी. गाडी परत येई ती मात्र हॉर्नसाठी. आमच्या कामाची पद्धत बदलत गेली ती या परत आलेल्या गाड्यांमुळं.

आधी बॉसबद्दल. बॉस म्हणजे स्टिअरिंगचा दांडा आणि नवं चाक यांना जोडणारा मधला तुकडा. ६ स्क्रूंच्या चाकाचा भोकांचा वर्तुळ-व्यास साधारण ७० किंवा ७४ मिमी असतो. नुसत्या नजरेला दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळं चाक घेण्याआधी व्हर्नियरनं मोजावं. दांड्याचे दात मोजून भागत नाही, बाहेरचा व्यासही जुळावा लागतो. ॲम्बेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पद्मिनी तर त्याच्याही आधीच बंद झाली. त्यामुळं तयार बॉस मिळेलच असं नाही. पूर्वी भंगारातल्या चाकाचा मधला भाग कापून वेल्ड करून द्यायची चाल होती. ती आम्ही पूर्ण सोडली. वेल्डिंगच्या उष्णतेनं दात वाकडे होतात, बाजूचा पोलाद कडक आणि ठिसूळ होतो, आणि हा जोड सुटला तर गाडी वळतच नाही. आता दात वायर-कटवर, म्हणजे विजेच्या तारेनं धातू कापणाऱ्या यंत्रावर, कापून घेतो. दांडा निमुळता असेल तर तसं आधीच सांगावं लागतं. आमच्या टर्नरांच्या बोलण्यात दाताला मराठी-कानडी दोन्ही शब्द चालतात, ‘दात’ म्हणा नाहीतर ‘हल्लू’. संख्या चुकली तर मात्र कुठल्याच भाषेत बसत नाही.

चाक काढताना पहिलं काम बॅटरीची निगेटिव्ह काढणं. गाडीची पुढची चाकं सरळ ठेवून दांड्यावर आणि जुन्या चाकावर समोरासमोर खूण करावी. मधला नट पूर्ण काढायचा नाही, दोन-तीन आट्यांवर ठेवायचा. नाहीतर अडकलेलं चाक एकदम सुटून थेट तोंडावर येतं. हातोडा बंद, फक्त पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचं साधन. दांड्याच्या टोकावर ठोकलं की कॉलमचं बेअरिंग आणि खालच्या स्टिअरिंग बॉक्सचे गिअर दोन्ही मार खातात.

बसवताना एक दात चुकला तर ३६ दातांच्या दांड्यावर चाक १० अंश तिरकं बसतं. त्यापेक्षा कमी तिरकेपणा दात बदलून जात नाही. तो अलाइनमेंटमध्ये दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवून काढावा लागतो. बॉसच्या खालची इंडिकेटर परतवणारी खूंटी जुन्याच जागी यायला हवी, नाहीतर उजवा इंडिकेटर बंद होतो आणि डावा लुकलुकत राहतो. मधला नट नवा वायसर घालून, त्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळायचा. चाकाचे ६ स्क्रू मात्र समोरासमोर थोडे-थोडे, लहान ॲलन कीनंच. जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे उपटून येतात.

आकाराचा हट्ट असेल तर आम्ही स्पष्ट सांगतो: ४०० मिमीच्या जागी ३५० मिमीचं चाक घातलं की पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत सुमारे १४ टक्के जास्त ताकद लागते. रस्त्यावर ते जाणवत नाही. गल्लीत गाडी लावताना खांदे बोलतात.

आता हॉर्न. या गाड्यांत बटण दाबलं की बहुतेक वेळा करंट जोडला जात नाही, तर हॉर्नची वायर बॉडीला, म्हणजे आर्थिंगला, टेकते. हे आर्थिंग बटणाला दांड्यातून मिळतं. मूळ चाकात लोखंडाला लोखंड लागलेलं असतं, म्हणून कुणाला हे कधी कळत नाही. नव्या चाकाचे आरे आणि बॉस ॲनोडाइज्ड असतात, आणि तो चकचकीत थर वीज जाऊ देत नाही. पावडर कोटिंगचंही तेच. चाक सुंदर, बटण नवं, तरी आवाज नाही. उपाय: एका स्क्रूखालचा थर चाकूनं खरवडायचा, किंवा बॉसच्या खालच्या बाजूहून बटणापर्यंत आर्थिंगची वेगळी वायर द्यायची. आम्ही यातला दुसरा उपाय करतो, कारण खरवडलेल्या जागी पावसाळ्यात पांढरी बुरशीसारखी गंज येते.

कधी दोष त्याच्याही खाली असतो. दांड्याच्या खालच्या टोकाला रबराचा जोड असेल, वर नायलॉनचं बुश असेल, तर अख्खा दांडा बॉडीपासून तुटलेला असतो. शंका आली की दांड्याला वायर लावून बॉडीला टेकवा आणि बटण दाबा. हॉर्न वाजला तर रबराच्या जोडावरून तांब्याची विणलेली पट्टी टाका. दहा मिनिटांचं काम आहे. हे न कळता चांगले हॉर्न बदललेले आम्ही पाहिलेत.

रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच, आम्ही प्रत्येक गाडीला लावतो, नको म्हटलं तरी. दोन हॉर्न मिळून ८ ते १० अँपिअर ओढतात. एवढा करंट बटणाच्या पातळ पत्र्यातून आणि संपर्क रिंगमधून (चाक फिरतानाही बटणाची वायर जोडलेली ठेवणारी रिंग) गेला की ठिणग्या पडून पत्रा जळतो. जोडणी अशी: बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० आणि ८६ नंबरच्या पिनांना. ८७ हून अडीच स्क्वेअर मिमीची वायर हॉर्नला, आणि ८५ बटणाकडे. रिलेची पिनांची बाजू खाली ठेवायची. खानापूरकडचा पाऊस वरून उभा असतो, वर तोंड केलेल्या रिलेत पाणी साठतं. हॉर्नचं तोंडही खाली. अनेक सुरांचे हॉर्न आम्ही लावत नाही, मोटार वाहन नियम ११९ ला ते चालत नाहीत.

दोष शोधताना क्रम सोडू नये. रिले टिकटिकला नाही तर ८५ ची वायर बॉडीला टेकवा. वाजला तर दोष वर, बटण, रिंग किंवा दांड्याच्या आर्थिंगमध्ये. रिले टिकटिकतो पण आवाज नाही, तर हॉर्न दाबून त्याच्या टोकांवर व्होल्टेज बघा. बॅटरी चांगली असून ११ व्होल्टच्या खाली गेलं तर वायर किंवा हॉर्नचं आर्थिंग खराब. चाक वळवताना हॉर्न आपोआप वाजत असेल तर बॉस आणि कॉलमच्या झाकणात वायर चेपली आहे. तिथं २-३ मिमी मोकळी जागा हवी.

एअरबॅगवाल्या गाड्यांना आम्ही हात लावत नाही. लाकडी चाक घालायचं म्हणून एअरबॅग काढून मागितलं तर गिऱ्हाईक परत पाठवतो.

चावी देण्याआधी चाक पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे फिरवत प्रत्येक चतुर्थांशाला एकदा हॉर्न दाबतो. एखाद्याच कोनात आवाज तुटला तर संपर्क रिंग केंद्रावर नाही, चाक पुन्हा उतरतं.