चौथा विषय

सप्टेंबरातली रविवारची रात्र. साडेअकरा वाजून गेले तरी लेकीच्या खोलीतला दिवा चालू दिसला म्हणून दार लोटलं. टेबलावर केमिस्ट्रीची जाडजूड फाइल उघडी आणि पुढ्यात ऑरगॅनिकच्या एका रिअॅक्शनचा कागद. इलेक्ट्रॉनची जोडी कुठून कुठे जाते ते दाखवणारे वाकडे बाण तिने इतक्या वेळा खोडून पुन्हा काढले होते की कागद मधोमध विरला होता. "फिजिक्सचा गृहपाठ झाला?" मी विचारलं. "आता करते," ती मान वर न करता म्हणाली. सोमवारी पहिलाच तास फिजिक्सचा होता.

आम्ही मिल्टन कीन्सला राहतो. लेक इयर १३ मध्ये आहे, म्हणजे आपल्या बारावीला. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी जीसीएसईची परीक्षा होते, तिला आठ-दहा विषय असतात. त्यानंतर ए-लेव्हलची दोन वर्षं, आणि त्यात बहुतेक मुलं फक्त तीनच विषय घेतात. सक्तीची भाषा नाही, सक्तीचं गणितसुद्धा नाही. सोळाव्या वर्षी एवढं सगळं मागे टाकायचं, हे आपल्याकडून आलेल्या आईबापांना पचायला जड जातं. मलाही गेलं. म्हणून अकरावीला लेकीने मॅथ्स, फर्दर मॅथ्स, फिजिक्स आणि केमिस्ट्री असे चार विषय घेतले, तेव्हा मी मनातून सुखावले होते. इंजिनिअरिंगला जायचं हे तिचं नक्की होतं, पण मेकॅनिकल की केमिकल हे ठरलं नव्हतं. केमिकलला बऱ्याच ठिकाणी केमिस्ट्री लागते. तेव्हा चौथा विषय ठेवण्यात अर्थ होता, हे मी आजही म्हणेन.

माझ्या सुखावण्यामागे जुनी गोष्ट होती. मी १९९५ साली सांगलीत बारावी झाले. सीईटी तेव्हा नव्हती, बारावीच्या मार्कांवरच मेडिकल आणि इंजिनिअरिंगचे प्रवेश होत. गणित आणि बायो दोन्ही ठेवणाऱ्या मुलांकडे जरा कौतुकाने पाहिलं जायचं. बायोवाली मुलं गणित सोडून भूगोल घ्यायची, कुणी इलेक्ट्रॉनिक्ससारखा बायफोकल, म्हणजे व्यवसायाचा विषय घ्यायचं, आणि आम्ही दोन्ही ठेवणारे त्यांच्याकडे थोडं वरून पाहायचो. निकाल लागला तेव्हा माझा पीसीएम ग्रुपही थोडक्यात गेला आणि पीसीबीही थोडक्यात गेला. पुढे मी बीएस्सी केलं, माझं चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या वर्षी कुणी माझ्याजवळ बसून "तुला यातलं नेमकं काय हवंय?" असं विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. विषय सोडला म्हणजे हरलो, एवढंच आमच्या घराला माहीत होतं.

लेकीच्या इयर १२ च्या अखेरच्या परीक्षेचा निकाल जूनमध्ये आला. मॅथ्स ए स्टार (म्हणजे सर्वांत वरची ग्रेड), फर्दर मॅथ्स ए, केमिस्ट्री बी, फिजिक्स बी. माझी नजर केमिस्ट्रीच्या बी वर गेली आणि मी लगेच शिकवणीचा विषय काढला. नवरा मात्र फिजिक्सच्या बी वर थांबला. तो म्हणाला, "केमिस्ट्रीला बी मिळावा म्हणून हिने जो वेळ दिला, तो कुठून आला ते बघ." खरंच तसं होतं. फिजिक्स तिला दहावीपासून आवडायचं, त्यात ती कधी मागे नव्हती. पण केमिस्ट्री अवघड जाते म्हणून संध्याकाळचे ताजे दोन तास केमिस्ट्रीला, आणि फिजिक्स राहिलं तर रात्री. जादा विषयाची किंमत त्या विषयाच्या मार्कात दिसतच नव्हती, ती शेजारच्या विषयातून वसूल होत होती. ही गोष्ट मला आधी दिसायला हवी होती.

इथल्या प्रवेशाची रीत थोडी सांगते, कारण त्याशिवाय हा निर्णय किती नाजूक आहे ते कळणार नाही. विद्यापीठाचा अर्ज बारावीच्या निकालाआधी करायचा असतो, यूकास नावाच्या एकाच संस्थेमार्फत, जास्तीत जास्त पाच ठिकाणी. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि मेडिकलसाठी मुदत १५ ऑक्टोबरची, बाकीच्यांसाठी जानेवारीतली. अर्जात शिक्षक प्रत्येक विषयाची प्रेडिक्टेड ग्रेड देतात, म्हणजे या मुलीला अंदाजे काय मिळेल ते. त्यावर विद्यापीठ अटीची ऑफर देतं: अमुक विषयात अमुक ग्रेड आण, जागा तुझी. ही अट बहुतेक वेळा तीनच विषयांची असते. चौथ्या विषयाला जास्तीचं श्रेय मिळेल असं आपल्याला वाटतं, पण लेकीने पाहिलेल्या कुठल्याही कोर्सच्या प्रवेशाच्या पानावर चार विषय मागितलेले नव्हते. मागितले होते ते ए स्टार, ए स्टार, ए. म्हणजे तीनच, पण चोख.

पूर्वी इंग्लंडमध्ये हे प्रकरण सोपं होतं. मुलं पहिल्या वर्षी चार विषयांची एएस परीक्षा द्यायची, त्यातला एक सोडून तीन पुढे न्यायची, आणि सोडलेल्या विषयाचं प्रमाणपत्र हातात राहायचं. २०१५ पासून इंग्लंडने एएसचे मार्क ए-लेव्हलपासून तोडले. आता दोन वर्षांचा सगळा अभ्यास एकदम शेवटी. आमच्या शाळेत एएसची परीक्षाच घेत नाहीत. त्यामुळे लेकीने केमिस्ट्री आता सोडली तर एका अख्ख्या वर्षाच्या मेहनतीचं कागदावर काहीच उरणार नव्हतं. मला तेच सलत होतं.

मग आम्ही तिघे जेवणाच्या टेबलावर बसलो. माझं पहिलं म्हणणं, चौथा विषय हाताशी असू दे, एखादा पेपर बिघडला तर उपयोगी पडेल. लेकीने शांतपणे समजावलं. मेकॅनिकलला मॅथ्स आणि फिजिक्स अटीतच लिहिलेले. त्यातलं एक बिघडलं तर केमिस्ट्री त्याच्या जागी चालणार नाही. चालली तर फक्त फर्दर मॅथ्सच्या जागी, आणि त्यात तर ती बरी आहे. म्हणजे ज्या संकटासाठी मी हा विषय राखून ठेवत होते, त्या संकटात तो कामाचाच नव्हता.

"मग फर्दर मॅथ्स सोड," मी म्हटलं. केमिस्ट्री हा मला 'खरा' विषय वाटायचा, फर्दर मॅथ्स म्हणजे गणिताचंच शेपूट. इथे माझं अज्ञान होतं, आणि भारतातून मुलं घेऊन येणाऱ्या अनेकांचं असतं, म्हणून लिहिते. कॉम्प्लेक्स नंबर्स आणि मॅट्रायसेस आपल्याकडे अकरावी-बारावीच्या साध्या गणितातच येतात. इथे हे दोन्ही फर्दर मॅथ्समध्ये असतात, साध्या ए-लेव्हल मॅथ्समध्ये नसतात. डिफरन्शियल इक्वेशन्सची नुसती तोंडओळख साध्या मॅथ्समध्ये होते, खरा अभ्यास फर्दरला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात हे सगळं लागतंच. तेव्हा दहावीनंतर मुलांना घेऊन इथे येणाऱ्यांनी विषयाच्या नावावर जाऊ नये, आत काय आहे ते उघडून बघावं.

राहिला एकच प्रश्न, केमिकल इंजिनिअरिंगचा. तो फक्त तिलाच सोडवता येणार होता. नवऱ्याने तिला विचारलं, "उद्या केमिकलची जागा चालून आली तर आनंद होईल?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला लॅब आवडते, बाबा. टायट्रेशन आवडतं. पण उन्हाळ्यात मी सायकलचा गिअर खोलून बसले होते ना, तसं केमिस्ट्रीचं पुस्तक मी स्वतःहून कधी उघडलं नाही."

त्या रात्री मी कागदावर पेपर मांडले. तिच्या बोर्डांप्रमाणे केमिस्ट्रीचे तीन, फिजिक्सचे तीन, मॅथ्सचे तीन, फर्दरचे चार. मे-जूनच्या त्या थोड्या आठवड्यांत तेरा पेपर. केमिस्ट्री काढली की दहा. शिवाय केंब्रिज आणि इम्पीरियलला अर्ज करायचा तर त्यांची ईसॅट ही प्रवेशपरीक्षा द्यायची, केंब्रिजसाठी तर ऑक्टोबरातच, तीही गणित आणि फिजिक्सची.

सर्वांत अवघड फोन सांगलीचा होता. माझे बाबा निवृत्त शिक्षक. "सोडला?" एवढंच म्हणाले आणि थांबले. मग, "नापास होत होती का?" नाही म्हटलं. "मग हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे का लागताय?" मी ऑफर, ग्रेड, अटी सगळं सांगत होते. ते ऐकत होते, पण पटत नव्हतं. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "अहो, एक ना धड भाराभर चिंध्या होण्यापेक्षा बरंच की!" मग लेकीने फोन घेतला. "आजोबा, मला फिजिक्समध्ये ए स्टार हवाय, आणि तो मला मिळू शकतो. पण रात्री बारा वाजता नाही मिळणार." बाबा जरा वेळाने म्हणाले, "फिजिक्सला वेळ देणार असशील तर सोड. झोपायला सोडणार असशील तर सोडू नकोस." ती म्हणाली, "थोडी झोपणार पण आहे."

शाळेत एक फॉर्म भरावा लागला. त्यावर विद्यार्थिनीची सही, पालकांची सही, केमिस्ट्रीच्या शिक्षिकेचीही सही. बाईंनी विचारलं, की तुला ज्या कोर्सला जायचंय त्यांच्या अटी तू स्वतः वाचल्यास का? हो म्हटल्यावर सही केली. अर्ज जायच्या आधी हे सगळं व्हावं ही आमची धडपड होती. एकदा चार विषय लिहून अर्ज गेला आणि ऑफरच्या अटीत चौथ्याचं नाव आलं, की मग तो मनात येईल तेव्हा सोडता येत नाही. विद्यापीठाला कळवून त्यांची परवानगी घ्यावी लागते. तुमच्या घरी हा विषय निघाला असेल तर तारखांकडे आधी बघा.

आता तिला पंधरवड्यात नऊ तास मोकळे मिळतात. पहिल्या आठवड्यात तिला ते विचित्र वाटलं, मैत्रिणी लॅबकडे निघाल्या की ही लायब्ररीत एकटी. एका मंगळवारी घरी आली तेव्हा डोळे लाल होते. मी काही विचारलं नाही, गरम पोहे केले.

केमिस्ट्रीची ती जाड फाइल तिने रिकामी केली. नोट्स शेजारच्या मुलीला दिल्या, ती यंदा इयर १२ ला आहे. प्रॅक्टिकलच्या नोंदी मात्र दिल्या नाहीत. टायट्रेशनच्या कागदावर तिचे आकडे आहेत, तीन वेळा केलेलं, तिन्ही जवळजवळ सारखे, खाली बाईंची बरोबरची खूण. तो कागद टेबलासमोर भिंतीवर लावलाय. फाइलवरची चिठ्ठी बदललीये, तिथे आता 'फिजिक्स, जुने पेपर' असं आहे. काल रात्री दहाला मी डोकावले तेव्हा फाइल मिटलेली होती आणि दिवा बंद होता.